लिंबोणीचं पाणी

लोकमान्य नगर, इंदूर
२० फेब्रुवारी

प्रिय शलाका,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कपाटात टाकशील अशी मला शंका आहे. तसं करू नकोस. आधी वाच, मग टाक. मी तुला फोन करू नकोस असं म्हटलं होतं, पत्राबद्दल काही बोललो नव्हतो. तेव्हा मी माझा शब्द मोडलेला नाही आणि हे वाचून तुझाही मोडत नाही. तीन वर्षं झाली. एक वाक्य मी रागाच्या भरात फाटकापाशी उभा राहून बोललो आणि तू ते सरकारी आदेशासारखं पाळलंस. दिवाळीला नाही, माझ्या वाढदिवसाला नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. हा हट्ट हिने आणला कुठून, असं मी तुझ्या आईला विचारलं तर ती माझ्याकडे नुसती बघत राहते. ते बघणं मला अजिबात आवडत नाही.

बागेचं सांगतो, कारण दुसरं काय सांगणार. फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे सगळी कामं एकदम अंगावर येतात, तुला माहीत आहे. सकाळी स्वेटर घालून बाहेर पडावं आणि दहा वाजता तो काढून कुठे ठेवला ते शोधत बसावं असे दिवस. शेवंती संपली. तिची वाळलेली झाडं कापून मुळाशी फुटलेले धुमारे वेगळे करून कुंड्यांत लावायचे आहेत. गच्चीवरच्या कुंड्यांची माती बदलायची आहे. कुंपणापाशी दोडका आणि भोपळा टोकायचा आहे. होळीच्या आत गच्चीवर हिरवी जाळी बांधायची आहे, नाहीतर एप्रिलमध्ये सगळं जळून खाक. हे सगळं मी करायचं, एका नव्या आणि एका जुन्या गुडघ्यावर. नवा गुडघा बरा आहे, जुनाच कटकट करतो.

छाटणीची मोठी कैची धार लावायला परदेशीपुऱ्यात नेली होती. त्या माणसाने दोन दिवस सांगून दहा दिवस लावले आणि शेवटी दुसऱ्याच कुणाचीतरी कैची माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, ही माझी नाही. तो म्हणतो, साहेब, धार तर आपलीच लावलीय ना. खत मानपूरहून मागवलं, माझ्या खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा तिकडे गोठा आहे. पूर्ण कुजलेलं शेणखत पाठव म्हणून तीनदा बजावलं होतं. आलं ते अर्धवट कुजलेलं, हात घातला तर आतून गरम. ते आता कोपऱ्यात रचून ठेवलंय आणि तुझी आई रोज सकाळी पदर नाकाला लावून त्याच्यापासून चार हात लांबून जाते. शेजारचे गोपीनाथ भिया कुंपणावरून सल्ले देतात. त्यांनी स्वतःच्या अंगणात फरशी घालून टाकलीय, गवताची काडी उगवत नाही, पण यूट्यूबवर रोज बागकाम बघतात. काल म्हणाले, भिया, केळ्याच्या सालीचं पाणी घाला, सब चकाचक. मी म्हटलं, घालतो.

मोगरा राहिलाय. मोगऱ्याला हात लावलेला नाही. तुला आठवतं की नाही कोण जाणे, मोगऱ्याची पानं काढायचं काम तुझं असायचं. मी फांद्या छाटायचो आणि तू टोपली घेऊन बसायचीस, एकेक पान ओढून काढायचीस. सहा वर्षांची होतीस तेव्हा ते उघडं झालेलं झाड बघून रडायला लागलीस आणि आईचा लाल स्वेटर आणून त्याला घातलास. तीन दिवस तो मोगरा स्वेटर घालून उभा होता. सगळी गल्ली हसत होती आणि मी तो काढू दिला नाही, कारण तू शाळेतून आलीस की पहिल्यांदा तेच बघायचीस. तेव्हा मी तुला समजावलं होतं की काही झाडांना थोडा त्रास दिल्याशिवाय ती फुलत नाहीत. तू पुढे त्याचीच नोकरी केलीस. माझंच चुकलं म्हणायचं.

बरं, त्या नोकरीबद्दल. मी आजही सांगतो, पक्की नोकरी सोडणं बरोबर नव्हतं. भंवरकुआंपासून दहा मिनिटांवर कॉलेज, वनस्पतिशास्त्राची कायम जागा, घरून डबा. लोक अशा जागेसाठी दहा-दहा वर्षं परीक्षा देत बसतात, तिथल्या हॉस्टेलांत जाऊन बघ. आणि तू काय केलंस, तर सांगोल्याला डाळिंबं पिकवणाऱ्यांच्या कंपनीत, उन्हातान्हात बागा हिंडायच्या, लोकांना सांगायचं की पाणी कधी बंद करा आणि कधी सुरू करा. पण मला राग नोकरीचा आला नव्हता. राजीनामा आधी दिलास आणि सांगितलंस नंतर, याचा आला होता. आणि आईला आठ दिवस आधीपासून माहीत होतं, याचा जास्त आला. आपल्याच घरात आपण बाहेरचे, असं वाटलं. म्हणून ते वाक्य तोंडातून गेलं. म्हणायचं नव्हतं असं म्हणत नाही, त्या क्षणी म्हणायचंच होतं. पण ते तीन वर्षं चालेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, पोचल्यावर फोन करशील.

आता लिंबोणीचं ऐक. टाकीजवळच्या जुन्या लिंबोणीला यंदा मी ताण द्यायचं ठरवलं. मधली दोन वर्षं दिला नव्हता आणि मोजून पंधरा लिंबं आली होती, तीही रस नसलेली. एक जानेवारीला पाणी बंद केलं आणि कॅलेंडरवर तसं लिहिलं. तुला मी काय शिकवणार, पण आपल्या काळ्या मातीत महिना-सव्वा महिना जातो, पानं मलूल होतात, पिवळी पडतात, पाव हिस्सा गळतात, मग आळं खणून खत घालायचं आणि पाणी सुरू करायचं, की झाड फुलांनी भरतं. महिना झाला. पानं हिरवीगार. चकचकीत. एक पिवळं नाही. मी बोट मातीत खुपसून पाहिलं, वर कोरडं आणि दोन इंचांवर ओल.

मी आधी कामवाल्या बेबीला धरलं. म्हटलं, तू फरशी पुसलेलं पाणी इथे ओततेस. तिला एवढा राग आला की दोन दिवस कामावर आली नाही, आणि परत आली ती माझ्याशी न बोलण्याच्या अटीवर. ते दोन दिवस तुझी आई भांडी घासत होती. मग मी गोपीनाथ भियांकडे गेलो की तुमचा पाइप गळतोय. त्यांच्या दोन फरश्या उचलायला लावल्या. खाली खडखडीत कोरडं. त्यांनी यूट्यूबवरचं काहीतरी सांगितलं. मग मी आपला मीटर तपासला, टाकीचा वॉल्व्ह खोलला, रात्रभर मुख्य नळ बंद ठेवून सकाळी आकडा बघितला. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, अर्ध्या शहराच्या गळत्या शोधल्या, आणि घरच्या अंगणातली सापडेना. डोकं फिरायची वेळ आली होती. तुझी आई म्हणायची, अहो, सोडा ना आता, झाड आहे, प्यायलं असेल कुठूनतरी.

गेल्या गुरुवारी दुपारी झोप मोडली. कुरिअरवाला बेल वाजवून गेला, तेही शेजारच्यांचं पार्सल घेऊन आला होता. उठलोच आहे तर पाणी प्यावं म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि जाळीच्या खिडकीतून बाहेर बघितलं. तुझी आई लिंबोणीपाशी. शेजारी डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्याची बादली, हातात मग. आणि टाकीच्या कट्ट्यावर फोन ठेवलेला, स्पीकरवर. मला वाटलं तिची बहीण असेल. मग आवाज ऐकला. तीन वर्षांनी ऐकला, तरी पहिल्या शब्दाला ओळखला. तू तिला रागावत होतीस. आई, एवढं पाणी नको घालूस, बाबांचा ताण मोडेल, म्हणत होतीस. मला खरं सांगायचं तर आधी हसू आलं. माझी बाजू घेणारं एक माणूस निघालं, तेही सांगोल्याहून. आणि मग तुझी आई म्हणाली, तुझे बाबा सुरू करतात ग, पण थांबायचं विसरतात.

मी तिथेच उभा राहिलो. चोरून ऐकणं वाईट, मान्य. पण माझ्याच स्वयंपाकघरात उभा होतो. तू विचारलंस की आई, फाटकाजवळचं माझं झाड असंच गेलं ना. आणि आई म्हणाली, नाही ग बाई, कीड होती ती, खोडाला भोक पाहिलं मी माझ्या डोळ्यांनी. असं म्हणून तिने बादलीतला शेवटचा मग ओतला, वरून कोरडी माती पसरली आणि चपलेने दाबून सारखी केली. सराईत काम होतं. महिनाभर रोज करत असणार.

तर आता ते भोक. शलाका, तुझ्या झाडाला कीड लागली नव्हती. तू अकरावीत असताना खंडवा रोडच्या नर्सरीतून स्कूटीच्या पुढे ठेवून आणलेलं ते रोप, त्याला मी मारलं. तू गेलीस तेव्हा दोन्ही लिंबोण्यांना ताण दिलेला होता. त्याच आठवड्यात पाणी सुरू करायचं होतं. मी बागेत गेलोच नाही. जायचं तर फाटकावरून जावं लागायचं. तुझ्या आईने दोनदा आठवण केली, दुसऱ्यांदा मी तिच्यावर ओरडलो की मला कळतं. त्यावर ती हिंदीत म्हणाली, आपकी मर्ज़ी. ती हिंदीत बोलायला लागली की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, तुला माहीत आहे. होळीला गेलो तोवर टाकीजवळच्या झाडाने कसाबसा तग धरला होता. तुझ्या झाडाच्या खाली फाटक बांधतानाचा मुरूम होता, तिथे ओल टिकत नाही. फांदी वाकवली तर कट्कन मोडली. मी महिनाभर पाणी घालून बघितलं. नंतर लोक विचारायला लागले, तेव्हा कीड म्हणालो. गोपीनाथ भिया म्हणाले, भोक कुठे आहे. म्हणून मी दुपारी पेचकस घेऊन भोक पाडलं. खाली थोडा भुसाही टाकला. तुझ्या आईने खिडकीतून बघितलं होतं, त्याच जाळीच्या. ती तेव्हाही काही बोलली नाही आणि परवाही तुला खरं सांगितलं नाही. शहराला पाणी सोडायची वेळ माझी चौतीस वर्षांत एकदा चुकली नाही. घरात चुकली, आणि ज्यावर चुकू नये त्यावर चुकली. मला त्याची लाज वाटते. हे मी आजवर कुणाला बोललो नाही.

शुक्रवारी सकाळी मी लिंबोणीचं आळं खणलं. त्या गरम खतातलं तळाचं, बरं कुजलेलं शोधून घातलं आणि पाणी सुरू केलं. ताण बसलाच नव्हता, तरी तोडला. तुझी आई पायरीवर उभी राहून बघत होती. मी तिच्याकडे हात केला, म्हटलं, मग दे तुझा. तिने विचारलं नाही की कुठला मग. आत जाऊन घेऊन आली. बेबी आमच्याकडे बघून कपाळाला हात लावून निघून गेली. आता कोंब फुटलेत. फुलं किती येतील सांगता येत नाही, पण येतील.

आत्ता दुपारचे चार वाजलेत. तुझी आई बागेत आहे, तुझ्याशीच बोलतेय, आणि मी आत जेवणाच्या टेबलावर बसून तुलाच लिहितोय. मी फोन ऐकल्याचं तिला माहीत नाही, म्हणून अजून कुजबुजत बोलते. मध्येच आत डोकावली तेव्हा मी नर्सरीला पत्र लिहितोय म्हणून सांगितलं. नर्सरीला आजकाल कोण पत्र लिहितं, पण तिने मान डोलावली. या घरात सगळे एकमेकांचं खोटं फार नीट सांभाळतात. तिला बादलीसारखा फोनही उघड्यावर आणायला सांगायचं आहे, पण आधी तुझं उत्तर येऊ दे. पहिलं पाणी हलकं द्यावं म्हणून पोस्टकार्ड आणलं होतं. दोन ओळींत काम होईल असं वाटलं होतं. ते भरलं, मग आंतरदेशीय शोधलं, मग तुझ्याच जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीतले कागद फाडले. मागच्या बाजूला तू काढलेल्या मुळांच्या आकृत्या आहेत, चांगल्या आहेत, मार्क कमी दिले होते त्या बाईंनी.

आता मूळ काम. त्या गुरुवारी मी फोन संपेपर्यंत उभा होतो, त्यामुळे पुढचंही ऐकलं. बारा आणि तेरा मार्चला तुमच्या कंपनीची मीटिंग इंदुरात आहे, तू विजयनगरच्या हॉटेलात उतरणार आहेस, आई भाजी आणायला म्हणून बाहेर पडणार आणि तुम्ही दोघी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत भेटणार, आणि बाबांना सांगू नकोस. शलाका, स्वतःच्या गावात मुलगी हॉटेलात उतरणार, आणि त्रेसष्ट वर्षांची बाई भाजीच्या पिशवीत तुझ्यासाठी लाडू लपवून ऑटोने विजयनगरकडे जाणार, हे मला सहन होत नाही. ते हॉटेल रद्द कर. फोनबद्दलचा माझा आदेश या पत्राने रद्द झाला असं समज. तुझ्या खोलीतलं बियाण्यांचं पोतं मी बाहेर काढलंय. फाटकाची कडी अजून तशीच आहे, जरा उचलून ढकलावी लागते. मोगरा मी ठेवलाय, वेळ टळत चाललीय, पण फांद्या मी छाटीन आणि पानं तू काढ, मला खाली बसता येत नाही. आणि तुझ्या झाडाचं खोड मी मागच्या आठवड्यात मुळासकट काढलं, खालचा मुरूम उपसला आणि दीड हात खड्डा खणून ठेवलाय. मार्चमध्ये रोप लावत नाहीत, हे तू मला सांगायची गरज नाही. खड्डा तीन महिने उन्हात तापू द्यावा लागतो. म्हणून आत्ता येऊन खोली पुरेशी आहे का ते बघ, आणि रोप लावायला जूनमध्ये परत ये.

वाट बघणं न जमणारा, तरी बघत असलेला,
तुझाच,
बाबा